थंडी साठवावी की वीज?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपुरातून निघालेली एक उच्चदाब वाहिनी ७५२ किलोमीटर धावून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते. कोळशाच्या खाणी आणि कागद कारखाना यांच्या शेजारात वाढलेल्या बल्लारपूरकराला वीज कशी तयार होते हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही फ्रिज बॅटरीवर चालवता येईल का, हा प्रश्न याच पट्ट्यात फार निकडीचा आहे. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मृगाच्या वादळात सागाची एखादी फांदी तारेवर पडली की लाइन जाते. ती संध्याकाळी येईल की परवा, याचा नेम नसतो. पर्लकोटेला पूर आला तर भामरागडचा रस्ताच बंद होतो आणि दुरुस्तीला निघालेला वायरमनही अलीकडच्या काठावर थांबतो.

हा प्रश्न विचारणारी माणसे एका साच्यातली नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सांभाळणारा कर्मचारी, आलापल्लीच्या रस्त्यावर थंड पाण्याच्या बाटल्या विकणारा टपरीवाला, घरात इन्सुलिन ठेवावे लागणारे कुटुंब, वैनगंगेची मासळी बाजारात नेणारा ढिवर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर त्यांत आणखी एकाची भर पडली आहे : गाडीतच बिछाना आणि ओटा बांधून ताडोबाला येणारा प्रवासी. या सगळ्यांना दुकानदार एकच उत्तर देतो, ‘मोठी बॅटरी घ्या.’ माझ्या मते ते उत्तर पाचांपैकी जेमतेम दोघांना लागू पडते.

सुरुवात कॅरॅव्हॅनपासून करू, कारण बॅटरीसाठी फ्रिजचे रूपांतर हा शब्दप्रयोग तिथे अक्षरशः खरा आहे. परदेशी कॅरॅव्हॅनमधला जुना फ्रिज मुळात विजेचा नव्हताच. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली त्याची रचना केली आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सने तो विकायला काढला. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खालून ज्योत लावली की अमोनिया पाण्यातून सुटतो, मागच्या जाळीत निवून द्रव होतो, आत हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि त्या वेळी तो पेटीतली उष्णता शोषून घेतो. मग परत पाण्यात विरघळतो. यात फिरणारा भाग एकही नाही, त्यामुळे आवाजही नाही. आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनाही या कल्पनेने ओढले होते. १९३० मध्ये त्यांनी अशाच एका फ्रिजचे अमेरिकन पेटंट मिळवले, पण तो फ्रिज बाजारात कधी आला नाही. प्लाटेन-मुन्टर्सच्या जातीचे, रॉकेलच्या बत्तीवर चालणारे फ्रिज मात्र वीज नसलेल्या मुलखांतल्या दवाखान्यांत कित्येक दशके लशी सांभाळत राहिले. वात काजळली की आतले तापमान हलायचे. फ्रिज थोडा तिरका उभा राहिला तरी थंडी पडायची बंद.

कॅरॅव्हॅनमधल्या या फ्रिजला गॅससोबत बारा व्होल्टची सोयही दिलेली असते, आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. ती सोय म्हणजे ज्योतीच्या जागी बसवलेली एक तापणारी तार. तिला दीडशे वॅट सतत लागतात असे धरले तर दिवसाला ३.६ युनिट होतात, म्हणजे बारा व्होल्टच्या हिशेबाने ३०० अँपिअर-तास. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पार रिकामी केली तरी अशा दोन लागतील, आणि शिशाची बॅटरी पार रिकामी करायची नसते. त्यामुळे ही सोय गाडी धावत असतानाच वापरावी, जेव्हा अल्टरनेटर वीज देत असतो. हाच फ्रिज गॅसवर दिवसाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम गॅस खातो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरएवढा गॅस महिनाभर सहज पुरेल. गॅसवाल्या फ्रिजला नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

उष्णता देऊन थंडी मिळवण्याचा हा मार्ग खर्चिकच. एक युनिट उष्णता घातली तर पेटीतून जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा उष्णता बाहेर पडते. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत दीड युनिटाच्या आसपास उपसून काढतो. म्हणून बॅटरीवर जायचे असेल तर मागचा अमोनियाचा संच काढून त्या जागी बारा-चोवीस व्होल्टवर चालणारा छोटा डीसी कॉम्प्रेसर बसवायचा, हेच खरे रूपांतर. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अमिश कारागिरांनी त्याचा धंदाच उभा केला आहे. विजेची सार्वजनिक जोडणी टाळणारा हा समाज घरात गॅसचे फ्रिज वापरत आला, तेव्हा त्यांच्या नळ्या उलगडण्याचा हात त्यांच्याकडे आधीपासून होता. या बदलाला भीतीचेही कारण होते : २००६ पासून तिथे काही मॉडेलांचे लाखो फ्रिज आगीच्या धोक्यामुळे परत बोलवावे लागले. कॉम्प्रेसर चालू असताना चाळीस-पन्नास वॅट घेतो आणि सौम्य हवेत निम्मा वेळ बंद असतो. दिवसाचा खर्च अर्ध्या युनिटाच्या थोडा वर. तापत्या तारेच्या खर्चाचा सहावा हिस्सा.

आपल्याकडे कुणाच्या हाती असा जुना फ्रिज आला, तर गावातल्या मिस्त्रीला तो संच कापू देऊ नये. आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन असतात. शिवाय नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेले सोडियम क्रोमेट विषारी असते. संच न फोडता अख्खा काढायचा.

तसा फ्रिज इथे क्वचितच दिसेल, हेही खरे. बल्लारपूर, राजुरा, आष्टीकडे रूपांतर म्हणजे घरातला साधा एकदारी फ्रिज इन्व्हर्टरवर टाकणे. ते चालते, पण त्यात गळती फार. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी पंधरा-वीस वॅट घेतो, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धे युनिट. चांगल्या छोट्या फ्रिजची दिवसभराची भूकही तेवढीच! जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कैकपट प्रवाह ओढतो, त्यामुळे शंभर वॅटच्या फ्रिजसाठी आठशे-हजार वॅटचा इन्व्हर्टर घ्यावा लागतो. स्वस्तातल्या चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर मोटर घुमते आणि तापते, म्हणून साइन वेव्हच घ्यावा. हल्लीच्या ‘इन्व्हर्टर कॉम्प्रेसर’ फ्रिजचे सुरू होणे मऊ असते आणि बॅटरीसाठी तोच बरा. गंमत अशी की या फ्रिजला आत डीसीच लागते. बॅटरीतली डीसी आपण एसी करतो, फ्रिज तिची पुन्हा डीसी करतो आणि दोन्ही वेळा थोडी वीज उष्णता होऊन जाते. ही जकात चुकवायची असेल तर सरळ बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज घ्यावा. मग तारेकडे मात्र लक्ष द्यावे. साठ वॅटला बारा व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. बॅटरी आठ मीटरवर ठेवून अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढली तर अर्ध्या व्होल्टहून अधिक वाटेतच जातो. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी घसरण आणखी वाढते आणि बॅटरी भरलेली असतानाही त्याचा पहारेकरी सर्किट ‘बॅटरी उतरली’ समजून तो बंद करते. मग माणूस बॅटरीवाल्याशी भांडतो.

हे सगळे हिशेब कुठल्याही गावाला लागू आहेत. चंद्रपूर-बल्लारपूरचा हिशेब वेगळा होतो तो उन्हाळ्याने.

मे महिन्यात इथे पारा ४६-४७ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही. फ्रिज बनवणारे आपल्या मालाला हवामानाचे वर्ग लावतात आणि त्यांतला सर्वांत कडक, उष्णकटिबंधाचा वर्ग ४३ अंशांपर्यंतच जातो. लशीच्या फ्रिजसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जी चाचणी आहे, तिचा उष्ण प्रदेशाचा आकडाही ४३ अंशच. म्हणजे आपला मे महिना कंपनीच्या कागदावरच नाही. बाहेर ३२ आणि आत ५ अंश असतील तर फरक २७ चा. बाहेर ४६ झाले की फरक ४१, म्हणजे भिंतींतून शिरणारी उष्णता दीडपट. त्यातच मागची जाळी गरम हवेत निवत नाही आणि कॉम्प्रेसरची ताकद घटते. दोन्ही मिळून वीज दुपटीच्या जवळ जाते. टिनाच्या छपराखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रिज तर थांबतच नाही. बारा व्होल्टच्या फ्रिजचे अर्धे युनिट इथे एक युनिट धरावे. जो विक्रेता पुण्याच्या हवेतला आकडा सांगेल त्याचे ऐकून बॅटरी घेऊ नये.

बॅटरीलाही तीच झळ लागते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर आठ-दहा अंशांना निम्मे होते, असा कारागिरांचा आणि पुस्तकांचाही ठोकताळा आहे. लिथियम फॉस्फेटची बॅटरी खोलवर वापरू देते, वजनाला हलकी असते आणि वर्षे जास्त टिकते, पण अति तापल्यावर तिचे नियंत्रक सर्किट चार्जिंग थांबवते. बंद गाडीत किंवा टिनाच्या खोक्यात दुपारी पन्नास अंश सहज होतात आणि नेमक्या त्याच वेळी सौर पॅनेल भरात असते. वर ऊन ओतते आहे, खाली बॅटरी घ्यायला तयार नाही, अशी गत. बॅटरी सावलीत, जमिनीलगत, कूलरच्या हवेच्या वाटेवर ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. विदर्भात कूलर नसलेले घर शोधावे लागते, तेव्हा हे अवघड नाही.

स्वस्त बॅटरी-फ्रिजचा सर्वांत गाजलेला भारतीय प्रयोग महाराष्ट्रातच झाला. गोदरेजने २००८ च्या सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतल्या बायकांशी बोलून ‘छोटूकूल’ घडवला. वजन आठ किलोच्या आत, दार वरून उघडणारे, किंमत सुरुवातीला सव्वातीन हजारांच्या आसपास आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यात कॉम्प्रेसर नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए याने १८३४ मध्ये दाखवलेल्या परिणामावर तो चालत असे : दोन वेगळ्या वाहकांच्या जोडातून प्रवाह सोडला की एक बाजू निवते, दुसरी तापते. कल्पना देखणी होती, हेतू प्रामाणिक होता. पण पेल्तिएची चकती बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली नेऊ शकते. वीसेक अंशांचा उतार धरला तर डिसेंबरात दूध टिकेल, मे महिन्यात बल्लारपूरला आत २६ अंश होतील. तेवढे काम इथल्या कोरड्या हवेत माठ फुकटात करतो. शिवाय तेवढ्याच थंडीसाठी पेल्तिएला कॉम्प्रेसरपेक्षा वीजही बरीच जास्त लागते. छोटूकूल गावाच्या स्वयंपाकघरात रुजला नाही, याला खरेदीची ऐपत, विक्रीची साखळी अशी इतर कारणेही असतील. पण चकतीचे भौतिकशास्त्र उन्हाळी विदर्भाच्या विरोधात होते, यात मला शंका नाही. आज ऑनलाइन मिळणारे ‘कार फ्रिज’ बहुतेक याच जातीचे असतात. खोक्यावर ‘कॉम्प्रेसर’ असे लिहिलेले नसेल तर ती नुसती गार पेटी समजावी.

या साऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त विचार, पैसा आणि चुका खर्ची पडल्या त्या लशीसाठी. म्हणून उत्तरही तिथेच शोधावे लागते.

लोकबिरादरी प्रकल्प हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला. पहिली कित्येक वर्षे तिथे वीज नव्हती आणि डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासत. देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये आला तेव्हा भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत २ ते ८ अंश हे बंधन पाळणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून करावी. लस तापली तर निकामी होते हे सगळ्यांना ठाऊक असते. गोठली तरी काही लशी निकामी होतात, हे कमी जणांना ठाऊक असते. पोलिओ आणि गोवराच्या लशीला उष्णतेची भीती, तर त्रिगुणी, पेंटाव्हॅलेंट, कावीळ-ब आणि धनुर्वाताच्या लशीला गोठण्याची. साध्या घरगुती फ्रिजला बॅटरी जोडून हे दुहेरी बंधन सांभाळता येत नाही. दार उघडले की थंडी सांडते, बर्फकप्प्याच्या लगत गोठण असते, दाराच्या कप्प्यात दहा-बारा अंश. आरोग्य केंद्रासाठी घरचा फ्रिज ‘रूपांतरित’ करायला निघालेल्या देणगीदाराला हात जोडून थांबवावे.

आरोग्य केंद्रात असतो तो आयएलआर, म्हणजे भिंतींत बर्फाचे अस्तर असलेला, वरून उघडणारा फ्रिज. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो चोवीस तास तापमान धरून ठेवतो. लस तळाशी न ठेवता टोपलीत ठेवायची, कारण तळाला गोठण्याचा धोका. जिथे आठ तासही मिळत नाहीत तिथे १९८० च्या दशकापासून जगभर सौर पॅनेल, बॅटरी आणि डीसी कॉम्प्रेसर अशी जोडणी सुरू झाली. आपण ज्याला आज बॅटरीवरचा फ्रिज म्हणतो, तो नेमका हाच. त्याचे काय झाले? कॉम्प्रेसर चालले, पॅनेल टिकले, बॅटऱ्या मेल्या. तीन ते पाच वर्षांनी नवी बॅटरी लागते आणि तिच्यासाठी पैशाचे खाते कुणाचेच नसते. पाणी घालायचे राहते. रात्री बाळंतपण आले की त्याच बॅटरीवर दिवा आणि पंखा लागतो, आणि तो लावणाऱ्या नर्सताईंना दोष देण्याची माझी तरी हिंमत नाही.

यातून अभियंत्यांनी जो धडा घेतला तो मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. वीज साठवू नका, थंडी साठवा. १९९९-२००० च्या सुमारास ग्रीनपीस, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांनी मिळून सोलरचिल प्रकल्प हाती घेतला. पॅनेलची वीज सरळ कॉम्प्रेसरला, कॉम्प्रेसरने दिवसा पाणी गोठवायचे, रात्री तो बर्फ पेटीला थंड ठेवील. मध्ये बॅटरी नाही. २०१० च्या सुमारास असे फ्रिज जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्य यादीत येऊ लागले. अजिबात ऊन नसताना किमान तीन दिवस तापमान धरले पाहिजे, ही त्यांची अट. वेल्सच्या इयन टॅन्स्ले यांनी पाण्याच्या एका जुन्या गुणाचा उपयोग केला : पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. वर बर्फ ठेवला की चार अंशांचे पाणी खाली उतरून लशीच्या कप्प्याला वेढते, आणि चारच्या खाली जाऊ शकत नाही. गोठण्याची भीतीही गेली. ‘शुअर चिल’ नावाच्या या तंत्राचे फ्रिज भारतात गोदरेजने बनवले.

बर्फ बॅटरीपेक्षा का बरा, याचा हिशेब पाच मिनिटांचा आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो, म्हणजे ९३ वॅट-तास. दीडशे अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात, वापरण्याजोगे निम्मे. इन्व्हर्टरची गळती वजा करून कॉम्प्रेसरचा दीडपट गुणाकार केला तरी हाती येते सव्वा युनिटाच्या आतली थंडी. तेवढी थंडी बारा किलो बर्फात असते. बॅटरीचे वजन पंचावन्न-साठ किलो, किंमत हजारांत आणि आयुष्य मोजके. पाणी कितीदाही गोठवा, झिजत नाही. वैनगंगेवरचा मासळीवाला थर्माकोलच्या पेटीत बर्फाची लादी फोडून घालतो तेव्हा तो मागासलेला नसतो, त्याचा हिशेब बरोबर असतो. त्याला बॅटरी-फ्रिज विकू नये. जाड भिंतीची चांगली पेटी विकावी.

शेजारच्या छत्तीसगडने वेगळी वाट धरली. तिथल्या ‘क्रेडा’ या सरकारी संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात ५७० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर प्रत्येकी दोन किलोवॅटचे, बॅटरीसह सौर संच बसवले. त्यात फ्रिज एकटा नसतो. दिवे, पंखे, प्रसूतिगृह, सगळेच येते. केंद्राला रात्रीचा उजेड हवाच असतो आणि उजेड बर्फात साठवता येत नाही, तेव्हा तिथे बॅटरीला पर्याय नाही. मला दोन्ही वाटा एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. दिव्यासाठी बॅटरी, लशीसाठी बर्फ, आणि दोघांची पॅनेल वेगळी, म्हणजे एकाची भूक दुसऱ्याच्या ताटातून भागणार नाही. काही ठिकाणी तर थंडीची गरजच कमी करता येते. सर्पदंशावरचे द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, भुकटीच्या रूपातले नाही. जंगलातल्या दवाखान्यासाठी मागणी नोंदवताना एवढा फरक लक्षात ठेवला तरी फ्रिजवरचा भार हलका होतो.

मग बॅटरी कुणी घ्यावी? गाडीवाल्याने नक्की. चालत्या गाडीत अल्टरनेटर आहे, थांबलेल्या गाडीच्या छपरावर पॅनेल बसते, आणि मुक्काम दोन-तीन रात्रींचाच असतो. चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आणि शंभर अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ताडोबाच्या मे महिन्यात एक दिवस निभावते, आणि दोनशे वॅटचे पॅनेल दुसऱ्या दिवसाची सोय करते. गाडी सावलीत लावली तर पॅनेल उपाशी, उन्हात लावली तर फ्रिज हैराण, म्हणून पॅनेल सुटे घेऊन तारेने लांब मांडावे. इन्सुलिनवाल्या घरानेही बॅटरी घ्यावी, पण अख्ख्या फ्रिजसाठी नको. दहा-पंधरा लिटरची छोटी कॉम्प्रेसर पेटी पुरते, आणि लाइन नसलेल्या दिवसांतच ती चालवायची. टपरीवाल्याने मात्र रात्री वीज असताना डीप फ्रीझरमध्ये मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवाव्यात आणि दिवसा त्यांवर माल ठेवावा. आइस्क्रीमच्या गाड्यांतल्या थंडी साठवणाऱ्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

राहता राहिला पावसाळा, आणि सौर फ्रिजची खरी परीक्षा मे महिन्यात नसून जुलैत आहे. मे महिन्यात खप दुप्पट असला तरी ऊनही भरपूर असते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर आभाळ उघडत नाही, तीन दिवसांची मुदत संपते, आणि नेमके त्याच काळात रस्ते पुराने तुटतात. शिवाय साग-मोहाच्या सावलीतल्या छपरावर पॅनेल अर्ध्या ताकदीने चालते, म्हणून ते मोकळ्या पटांगणात खांबावर उभे करावे लागते. आयएलआरपासून उपकेंद्रापर्यंतचा शेवटचा टप्पा तर आजही लस वाहकातून होतो. त्यात चार आइस पॅक असतात, आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे असतात, नाहीतर लगतची लस गोठते. हे पॅक रोज गोठवायला फ्रिजपेक्षा जास्त वीज लागते. म्हणून भामरागड-एटापल्लीकडच्या केंद्रासाठी सौर फ्रिज निवडताना लिटरांचा आकडा नंतर पाहावा. आधी विचारावे, भर पावसाळ्यात, ढगाळ दिवशी, हा किती आइस पॅक गोठवून देईल?